दारिद्र्याची कारणे आणि शिक्षणाचे सामर्थ्य

माणूस गरीब का असतो, या प्रश्नाला एक सोपे उत्तर बहुधा तयार असते: तो शिकलेला नाही, म्हणून. या उत्तरात सत्याचा अंश आहे. परंतु तेच संपूर्ण सत्य मानले, की दारिद्र्याचा सगळा दोष गरिबाच्याच माथी येतो आणि त्याची खरी कारणे दृष्टीआड होतात. ती कारणे समजून घेण्यासाठी आपण छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीकडे आणि तिच्या परिसरातील हथखोज या औद्योगिक क्षेत्राकडे पाहू.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे नगर वसले आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे सरकारी पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यासाठी अनेक खेड्यांची भातशेती संपादन करण्यात आली. ज्यांना कारखान्यात कायमची नोकरी मिळाली, त्यांचे जीवन एका पिढीत पालटले. नियमित वेतन, राहावयास घर, औषधोपचार आणि मुलांसाठी चांगली शाळा या गोष्टी त्यांना एकत्रच लाभल्या.

मात्र नगरातील सर्व श्रमिकांच्या वाट्याला हे आले नाही. कारखान्याच्या आतही पुष्कळशी जड आणि धोक्याची कामे कंत्राटदारांचे मजूर करीत आले आहेत. हथखोजसारख्या भागांतील खाजगी कारखान्यांत तर कंत्राटी मजुरीचेच प्राबल्य आहे. येथे डोक्यावर ओझे वाहणाऱ्या मजूर स्त्रीला ‘रेजा’ म्हणतात. सुरक्षित नोकऱ्या बहुतांशी पुरुषांकडे गेल्या आणि रेजांच्या वाट्याला रोजंदारी आली. कायम कामगार आणि कंत्राटी मजूर एकाच छपराखाली राबत असले, तरी त्यांच्या मिळकतीत कित्येक पटींचे अंतर असते.

हे अंतर टिकते कसे? कंत्राट बदलले, की जुना मजूर कागदोपत्री नवा ठरतो. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली होती. दहा वर्षे एकाच यंत्रापाशी काम करूनही ज्याची सेवा कागदावर सलग दिसत नाही, त्याला ती सिद्ध करणे कठीण जाते. काम केव्हा सुटेल याची शाश्वती नसल्यामुळे आजारपण आले, की कर्ज काढावे लागते आणि कर्ज फेडण्यासाठी मुलाला शाळेतून काढून कामावर धाडले जाते. येथे अशिक्षितपणा हे दारिद्र्याचे कारण नसून त्याचा परिणाम आहे. आणि पुढच्या पिढीत तोच परिणाम पुन्हा कारण बनतो.

कायमस्वरूपी कामांवर कंत्राटी मजूर नेमण्यास मनाई करण्याचा अधिकार १९७० च्या कायद्याने शासनाला दिला होता. परंतु भारतीय पोलाद प्राधिकरणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्णय दिला, की अशी मनाई झाली तरी मजूर आपोआप कायम होत नाही. दुसरीकडे कायम नोकऱ्याही घटत गेल्या. १९८० नंतरच्या दशकात भिलाई कारखान्याच्या पटावर साठ हजारांच्या आसपास माणसे होती; आज त्यांच्या एक तृतीयांशही उरलेली नाहीत. अशा स्थितीत केवळ शिकलेल्यांची संख्या वाढली, तर नोकऱ्या वाढत नाहीत. दारापुढची रांग तेवढी लांबते.

मग शिक्षण व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. ज्या मजुराला हजेरीपट वाचता येतो, त्याला आपला बुडालेला दिवस दाखवून देता येतो. ज्या रेजेला पगारपत्रक समजते, ती भविष्यनिर्वाह निधीची कपात कोठे गेली, असे विचारू शकते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा कोणत्याही आकड्याखाली उमटवून घेता येतो. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणमजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभारला. मजुरी वाढवून घेऊन हा संघ थांबला नाही. वाढलेले पैसे दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत, म्हणून त्याने दारूबंदीची चळवळ केली, मुलांसाठी शाळा चालविल्या आणि १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उघडले. पुढे भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी मजुरांचा लढा चालू असतानाच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, नियोगींची हत्या झाली. हक्क समजलेल्या मजुरांच्या संघटनेला केवढी किंमत मोजावी लागते, हे त्यावरून कळावे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. रयतेच्या करातून येणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. संपूर्ण देशात मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळण्यास मात्र १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला आणि तोही सहा ते चौदा वर्षे या वयापुरताच मिळाला.

नेमके येथेच गरिबाचे मूल हातचे निसटते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यासाठी दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे ते दार पंधराव्या-सोळाव्या वर्षी उघडते. कायद्याने दिलेले संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. मधली दोन वर्षे मुलाला शाळेत ठेवण्याचा भार, ज्याच्या घरात उद्याच्या कामाची खात्री नाही अशा बापावर पडतो. म्हणून दोन उपाय एकाच वेळी योजले पाहिजेत: मुलाला हुन्नर हाती येईपर्यंत शाळेचा आधार आणि बापाला कायम कामाबद्दल कायम कामगाराचे वेतन. पहिला उपाय दुसऱ्यावाचून केला, तर शिकलेला मुलगाही अखेरीस त्याच कंत्राटदाराच्या फाटकापाशी जाऊन उभा राहील.