‘मी आहे, मी!’

जपानातील एखाद्या शहरात भर दुपारी एका वृद्धेच्या घरी टेलिफोनची घंटा वाजते. ती तो कानाशी नेते, तोच पलीकडून एक घाबराघुबरा आवाज येतो, “मी आहे, मी!” आवाज जरा घोगरा असतो, पण बोलणारा सांगतो, की सर्दीने घसा बसला आहे. वृद्धा आपण होऊनच विचारते, “कोण, ताकाशी का रे?” आणि त्या क्षणापासून तो परका मनुष्य ताकाशी बनतो. नाव त्याने सांगितलेले नसते. आजीच्या मायेनेच ते त्याला पुरविलेले असते. मग नातू रडतरडत आपली कर्मकहाणी सांगू लागतो. कचेरीची रोकड असलेली पिशवी आगगाडीत राहिली. आज संध्याकाळच्या आत पैसे भरले नाहीत, तर नोकरी जाईल. बाबांना मात्र यातले अक्षरही कळू देऊ नकोस! तासाभराने ‘ताकाशीचा सहकारी’ म्हणून एक इसम दारात उभा राहतो आणि नोटांचे पुडके घेऊन चालता होतो.

या प्रकाराला जपानी लोक ‘ओरे-ओरे सागी’ म्हणतात. ‘ओरे’ म्हणजे ‘मी’ आणि ‘सागी’ म्हणजे फसवणूक. इ. स. २००३ च्या सुमारास या प्रकाराचा देशभर बोभाटा झाला. प्रारंभी हे ठग बँकेच्या यंत्रातून पैसे पाठवावयास सांगत. २००७ साली यंत्रातून एका वेळी एक लक्ष येनांहून अधिक रोकड पाठविण्यास बंदी झाली. तेव्हा त्यांनी पैसे घेण्यासाठी माणसेच घरोघरी धाडण्यास सुरुवात केली. नाटक मंडळीत असावीत तशी त्यांच्यात कामेही वाटलेली असतात. टेलिफोनवर बोलणारा निराळा, दारी येणारा निराळा आणि बँकेतून रक्कम काढणारा निराळा.

असल्या सोंगाला कोणीही भुलू शकतो. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला त्यातून सावरणे विशेष कठीण जाते. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे जपानात पासष्ट वर्षांवरील सुमारे ४४ लक्ष लोकांना हा विकार होता. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रोगाचे प्रथम वर्णन केले, तो या विकाराचे सर्वांत मोठे कारण होय. त्यात मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात. बहुधा प्रथम नव्या आठवणी साठविण्याची शक्ती मंदावते. पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न तपशीलवार आठवते; पण सकाळी दारी कोण येऊन गेले, ते आठवत नाही. दुसरी हानी मात्र सहसा नजरेत भरत नाही. समोरचा मनुष्य खरे बोलतो की खोटे, हे पारखण्याची शक्ती क्षीण होते. जन्मभर हिशेब लिहिलेल्या गृहस्थांची बेरीज अद्याप बिनचूक येत असेल. पण ही रक्कम कोणाला आणि का द्यावयाची, याचा विचार त्यांच्याच्याने होत नाही. अमेरिकेतील शिकागो येथे संशोधकांनी नऊशेहून अधिक वृद्धांचे काही वर्षे निरीक्षण केले. ज्यांना लबाड माणसे चटकन ओळखता येत नव्हती, त्यांच्यापैकी अधिक जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दिसून आले. म्हणजे एखादे आजोबा वारंवार फसू लागले, तर ‘यांना व्यवहार कळत नाही’ असे म्हणून भागत नाही. डॉक्टरांकडे जाण्याची ती वेळ असू शकते.

आणखी एक गोष्ट आहे. आयोवा विद्यापीठात २०१४ साली अशा रुग्णांना काही दुःखद व काही आनंददायक चित्रपटांतील प्रसंग दाखविण्यात आले. थोड्याच वेळात प्रसंग विसरले गेले. परंतु मनात उठलेले दुःख वा आनंद टिकून राहिला. यावरून ठगाचे गोड बोलणे एवढे का चालते, याचा उलगडा होतो. दिलेली रक्कम विस्मरणात जाते आणि गोडवा तेवढा उरतो. उलट घरच्या मुलाने चिडून केलेल्या बोलण्याचे शब्द आईच्या लक्षात राहत नाहीत. मात्र ते बोलणे तिला सलत राहते. मग तिचा ओढा कोणाकडे असेल, हे सांगावयास नको.

टोकियोजवळील सैतामा प्रांतात फुजिमी नावाचे शहर आहे. तेथे ऐंशीच्या आसपास वय असलेल्या दोन बहिणी एकत्र राहत असत. दोघींनाही स्मृतिभ्रंश होता. घराच्या दुरुस्तीचे निमित्त करून एका कंपनीचा मनुष्य आला; त्यामागून दुसऱ्या कंपनीचा, मग तिसऱ्या. बहिणी प्रत्येक कागदावर शिक्का उमटवीत गेल्या. नको असलेल्या दुरुस्त्यांपायी आयुष्यभराची शिल्लक संपली आणि अखेर त्यांचे राहते घर लिलावास निघाले. २००५ साली शेजाऱ्यांच्या ध्यानात हा प्रकार आला, त्यांनी नगरपालिकेस कळविले आणि लिलाव थांबला. एकीमागून एक कंपन्या त्याच दारी येतात, हा केवळ योगायोग असेलच असे नाही. एकदा फसलेल्या माणसांच्या नावांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. त्यांना ते ‘बदकांची यादी’ म्हणतात, कारण जपानीत सहज हाती लागणाऱ्या सावजाला ‘बदक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

त्या बहिणींच्या हकिकतीने सारा देश हळहळला. २००८ साली कायद्यात सुधारणा होऊन, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याने गरजेपेक्षा बेसुमार माल गळ्यात मारला, तर तो करार एक वर्षाच्या आत मोडण्याची सोय झाली. त्याआधी, २००० सालापासून, कौटुंबिक न्यायालय अशा व्यक्तीसाठी पालक नेमू शकत होते. या पालकाला तिने केलेले घातक करार रद्द करता येतात. मात्र भाजी, तांदूळ, साबण अशा रोजच्या खरेदीला तो हात लावू शकत नाही. आजीबाईंना बाजारात जाऊन मुळा निवडण्याचा हक्क कायद्याने राखून ठेवला आहे! कायदा करणाऱ्यांची ही दृष्टी वाखाणण्याजोगी होय. सारे पैसे काढून घेऊन म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात बसविणे सोपे आहे. पण ती राखण नव्हे.

जपानी लोकांनी रोगाचे नावही बदलले. जुन्या नावातील अक्षरांचा अर्थ ‘मूर्ख’ असा होत असे. २००४ च्या अखेरीस ते टाकून, ज्यात हिणविण्याचा भाव नाही, असा नवा शब्द सरकारने स्वीकारला. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्याची चाल अद्याप गेलेली नाही.

२००५ पासून तेथे सामान्य नागरिकांना स्मृतिभ्रंशाविषयी दीड तासाचे शिक्षण देण्यात येते. दुकानदार, बँकेतील कारकून, पोलीस आणि शाळेतील मुलेही त्यात भाग घेतात. २०२३ पर्यंत १ कोटी ४० लक्षांहून अधिक लोकांनी ते घेतले होते. पुष्कळ वर्षे अशा प्रत्येकाला मनगटात घालण्यासाठी नारिंगी कडे मिळत असे. त्यांना तीन गोष्टी न करण्यास शिकवितात: दचकवू नये, घाई करू नये, स्वाभिमान दुखवू नये. आता त्या टेलिफोनवरील नातवाचे बोलणे आठवून पाहावे. त्याने आजीला आधी घाबरविले, मग संध्याकाळची मुदत घालून घाई केली आणि शेवटी बाबांपासून गुपित राखावयास लावले. म्हणून मोठी रक्कम काढण्यास आलेल्या वृद्धेला बँकेतील कारकून शांतपणे बसवितो, पैसे कशासाठी हवेत ते विचारतो आणि शंका आल्यास पोलिसांना बोलावितो. अर्धा तास उशीर झाला, की ठगाचा अर्धा डाव मोडतो. कुटुंबाने आपसांत एक सांकेतिक शब्द ठरवावा, असाही सल्ला तेथे देतात. पण आजीला तो शब्दच आठवला नाही, तर काय? अशा घरी टेलिफोनला एक यंत्र जोडतात. ‘हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे’ असे ते फोन करणाऱ्याला आधीच बजावते. पुष्कळ ठग तेवढे ऐकूनच फोन ठेवून देतात.

हे सोंग जपानापुरतेच नाही. भारतात कोणी पोलीस अधिकारी बनून, तर कोणी बँकेचा अधिकारी बनून बोलतो. ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाशी बोलू नका,’ असे तो बजावतो. अशा अटकेला भारतीय कायद्यात थारा नाही. ज्याला कराराचा अर्थ समजत नाही आणि आपले हित-अहित ठरविता येत नाही, अशा व्यक्तीने त्या अवस्थेत केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार टिकत नाही. फोनवरून वा संगणकावरून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्यापूर्वीच ती अडविता येते. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा निराळा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या टेलिफोनजवळ लावण्यास एखादा जाड कागद आणि दोन मिनिटे पुरतात.