शब्दकोडे: सोपे, पण काटेकोर

वाराणसीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. 'काशीचे घाट' या विषयावर त्यांच्यासाठी सोपे शब्दकोडे रचल्यास ते कसे पारखावे?

समजा, आडव्या शब्दाचा संकेत आहे: 'झाशीच्या राणीचे माहेरचे नाव असलेला घाट'. उत्तर 'मणिकर्णिका', चौकोन ५. मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. म्हणून शेवटच्या 'का'पासून उभा शब्द 'काशी' जुळला, की दोन्ही उत्तरांची खात्री पटते. तेथे 'कमळ' योजल्यास चौकोनात 'क' लिहावा की 'का', हा प्रश्न उरतो आणि पडताळ्याचे साधनच नाहीसे होते.

सोपेपणा संकेतांत असावा. अक्षरांच्या जुळणीत सवलत नसावी.