भिंतीला भोक न पाडता पडदा कसा टांगावा? लखनौच्या जुन्या भिंती आणि बलांचा समतोल

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
१. जुन्या चुनेगच्ची भिंतीत ड्रिल करणे धोक्याचे का असते, हे सांगता येईल.
२. ताणदांडी (टेन्शन रॉड) कोणत्या बलामुळे टिकते, याचे गणित मांडता येईल.
३. चिकट हुक, तार आणि उभा टेकू यांतून योग्य पर्याय निवडता येईल.

१. प्रस्तावना

लखनौच्या चौक भागातल्या एखाद्या जुन्या घरात खोली भाड्याने घेतली आहे असे समजू. मे महिना आहे, पारा ४० अंशांच्या पुढे गेला आहे आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट अंथरुणावर येते. पडदा हवाच, पण घरमालकाची अट आहे की भिंतीत एकही भोक पाडायचे नाही, नाहीतर अनामत रक्कम परत मिळणार नाही. अशी अट अनेकदा जाचक वाटते. लखनौच्या जुन्या भिंतीच्या बाबतीत मात्र तिला तांत्रिक आधार आहे, म्हणून आधी भिंत समजून घेऊ.

२. लखौरी विटेची भिंत

नवाब आसफ-उद-दौला याने १७८४ मध्ये बडा इमामबाडा बांधायला घेतला. त्याचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब असून त्याच्या छताला लाकडी किंवा लोखंडी तुळईचा आधार नाही. हे बांधकाम लखौरी विटा आणि चुना यांचे आहे. शहरातली असंख्य जुनी घरेही याच पद्धतीने बांधलेली आहेत. रेसिडेन्सीच्या भग्न इमारतींचा गिलावा जिथे निघाला आहे, तिथे या पातळ विटांचे थर स्पष्ट दिसतात. चुन्यात सुरखी (विटांची पूड) मिसळत आणि गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर असे पदार्थही घालत.

लखौरी वीट साधारण २ सेंमी जाड असते. दोन थरांमध्ये चुन्याचा १.२ सेंमी सांधा आहे असे धरू. ८ मिमी व्यासाचे भोक पूर्णपणे विटेतच पडावे, यासाठी ड्रिलच्या मध्याला २० मिमीपैकी फक्त १२ मिमी जागा उरते. म्हणजे प्रत्येक ३२ मिमी उंचीत १२ मिमी, सुमारे ३७ टक्के. आता ९० मिमी जाडीची आधुनिक वीट आणि १० मिमीचा सांधा घ्या. तिथे हे प्रमाण १०० मिमीत ८२ मिमी, म्हणजे ८२ टक्के येते. (उभे सांधे दोन्हीकडे सोडून दिले आहेत.)

गिलाव्यावरून वीट कुठे आहे हे दिसत नाही. त्यामुळे अंदाजाने पाडलेल्या दर पाच भोकांपैकी तीन सांध्याला लागण्याची शक्यता असते. चुन्याचा सांधा सिमेंटपेक्षा मऊ असतो. त्यात प्लग ठोकून स्क्रू पिळला की प्लग फुगतो, सांध्याचा भुगा होतो आणि वरचा गिलावा पोपडा होऊन सुटतो. संरक्षित स्मारकांना इजा पोहोचवणे तर १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार गुन्हाच आहे. घराला तो कायदा लागू नसला, तरी भिंतीचा स्वभाव तोच असतो.

३. ताणदांडी: नावात ताण, कामात दाब

जुन्या भिंती जाड असल्यामुळे खिडकीच्या खोबणीत दोन बाजू समोरासमोर येतात. त्यांच्यामध्ये दांडी घट्ट बसवता येते. नाव ‘ताणदांडी’ असले तरी आतली स्प्रिंग किंवा स्क्रू दांडीला दोन्ही बाजूंवर दाबून धरतो. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण पडद्याचे वजन तोलते.

पडदा व दांडी यांचे एकूण वजन W असेल, तर प्रत्येक टोकावर W/2 भार येतो. घर्षण गुणांक μ आणि टोकावरचा दाब N असेल, तर दांडी न घसरण्याची अट अशी:

μN ≥ W/2

*उदाहरण.* खिडकी १.२ मी. रुंद. चुण्यांसाठी २.४ मी. रुंद आणि २.१ मी. लांब सुती कापड घेतले, म्हणजे सुमारे ५ चौ. मी. प्रति चौ. मी. २०० ग्रॅम धरल्यास कापड १ किलो भरते. दांडी अर्धा किलो. एकूण १.५ किलो, म्हणजे अंदाजे १५ न्यूटन. प्रत्येक टोकावर ७.५ न्यूटन.

रबरी टोक आणि रंगवलेली भिंत यांसाठी μ = ०.५ धरल्यास N किमान १५ न्यूटन हवा. हे सहज साधते. पण पडदा रोज ओढला जातो. एका टोकाजवळ ३० न्यूटनचा हिसका बसला, तर तिथला भार ३७.५ न्यूटन होतो आणि N ७५ न्यूटन लागतो. म्हणूनच नुसती टांगलेली दांडी टिकते आणि वापरातली दांडी पडते.

भिंतीला जुनी चुन्याची सफेदी असेल, तर हाताला पांढरी भुकटी लागते. या भुकटीमुळे μ ०.२ वर आला असे धरा. त्याच हिसक्यासाठी आता १८७.५ न्यूटन, म्हणजे सुमारे १९ किलो वजनाइतका दाब लागतो. त्यामुळे टोक जिथे टेकते ती जागा आधी ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवावी. दांडी खिडकीच्या लाकडी चौकटीच्या आत बसत असेल, तर ते सर्वांत चांगले.

दांडीची लांबीही महत्त्वाची आहे. प्रति मीटर भार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मध्यावरचा झोल १६ पट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. रुंद खिडकीला जाड नळी वापरावी. रबर काही दिवसांत दबते आणि N कमी होतो, म्हणून पहिल्या आठवड्यात दांडी पुन्हा एकदा घट्ट करावी.

४. चिकट हुक आणि तार

चिकटपट्टी भिंतीला समांतर ओढली तर बराच भार घेते, पण एका कडेपासून सोलली तर लवकर सुटते. हुक भिंतीपासून ६ सेंमी पुढे असेल आणि त्यावर ७.५ न्यूटन भार असेल, तर ४५ न्यूटन-सेंमी आघूर्ण निर्माण होते. ते पट्टीची वरची कड भिंतीपासून सोलत राहते. म्हणून हुक कमी पुढे आलेला आणि पट्टी उभी, उंच असावी.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की गोंद सफेदीला चिकटतो आणि सफेदी भिंतीला. साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीत. *चाचणी:* चिकटटेपचा तुकडा भिंतीवर दाबा आणि ओढून काढा. टेपला पांढरा थर लागला, तर तिथे चिकट हुक चालणार नाही. पावसाळ्यात ओल किंवा खार आलेल्या भिंतीवरही तो टिकत नाही.

चिकट हुकांना तार बांधून पडदा टांगणे ही नेहमीची चूक आहे. तारेतील ताण T = WL/8d, यात d म्हणजे झोल. W = १० न्यूटन, L = १.२ मी. आणि d = २ सेंमी घेतल्यास T = ७५ न्यूटन येतो, म्हणजे वजनाच्या साडेसात पट! तार जितकी ताठ, तितका ओढा जास्त. तार बांधायचीच असेल तर लाकडी चौकटीतल्या जुन्या खिळ्यांना किंवा खिडकीच्या गजांना बांधावी.

५. भार खाली नेणे

घर्षण किंवा गोंद यांवर भरवसा ठेवायचा नसेल, तर भार सरळ खाली न्यावा. खिडकीच्या खोबणीत दोन्ही बाजूंना एकेक लाकडी पट्टी उभी करा. ती खालच्या कट्ट्यावर टेकते आणि तिच्या वरच्या खाचेत दांडी बसते. आता वजन पट्टीतून कट्ट्यावर जाते. दांडीच्या दाबाचे काम फक्त पट्ट्यांना जागेवर धरण्याचे उरते. भुकटी सुटणाऱ्या भिंतीसाठी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

यामागचा विचार जुनाच आहे. महाराष्ट्रातल्या वाड्यांत झोपाळ्याच्या कड्या भिंतीला नसून तुळईला असतात. भार घेण्यासाठी जो भाग बांधला, त्यालाच भार द्यायचा.

सारांश

- लखौरी भिंतीत विटेपेक्षा सांध्याला भोक लागण्याची शक्यता अधिक.
- ताणदांडी घर्षणावर टिकते; हिशोब पडद्याच्या वजनाचा नको, हिसक्याचा करावा.
- चिकट हुकाची ताकद भिंतीवरच्या थराइतकीच असते.
- ताठ तारेचा ओढा वजनाच्या अनेक पट असतो.
- खात्री नसेल तर भार कट्ट्यावर न्यावा.

स्वाध्याय

१. पडदा व दांडी मिळून ३ किलो आहेत आणि μ = ०.४. हिसका नसताना N किमान किती हवा? (g = १० मी./से.² घ्या. उत्तर: ३७.५ न्यूटन)
२. वरील तारेचा झोल ६ सेंमी केल्यास ताण किती होईल? पडद्याच्या दिसण्यावर काय परिणाम होईल?
३. तुमच्या खोलीतील भिंतीवर टेपची चाचणी करा आणि योग्य पद्धत कारणांसह निवडा.