गाडी माझी, मेकअप कुणाचा?

बोनस हातात पडला आणि त्याच रविवारी माझ्या सेकंडहँड स्विफ्टला घेऊन नाना पेठ गाठली. अलॉय व्हील्स, डार्क फिल्म, मागे छोटासा स्पॉयलर. एकदम झक्कास! घरी बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "ट्रॅफिकमध्ये वीसच्या स्पीडनं जाणार, पंख कशाला लावलेस?" बायको म्हणाली, छान आहे, पण एवढ्यात गोवा झालं असतं.

खरं सांगू? स्पॉयलरचा उपयोग हायवेच्या वेगाला. सिंहगड रोडवर तो फक्त शोभेचा. मान्य! पण शर्टाला इस्त्री केल्यानं तरी पगार कुठे वाढतो?

खरं भांडण रंगलं बाबांच्या गाडीवरून. पुढे स्टीलचा जाडजूड बुल गार्ड. "ही फॅशन नाही, सेफ्टी आहे," इति बाबा. म्हटलं, केंद्रानं 2017 मध्येच यावर कारवाई करायला सांगितलंय. गार्डमुळे धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतच नाही. रस्त्यावरच्या माणसाला लागतं ते वेगळंच. आणि शेजारच्या सीटवर रोज आई बसते.

बाबा गप्प. मग हळूच, "आणि तुझ्या काचा?"

आली का पंचाईत! पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार जायला हवा, हा नियम. माझ्या काचेतून रात्री आरसासुद्धा धड दिसत नव्हता.

शनिवारी दोघंही गॅरेजात. गार्ड उतरला, फिल्म निघाली. स्पॉयलर? तो आहे अजून. बाबा त्यावर रुमाल वाळत घालतात.