सोलापूर : पाणी येण्याचा दिवस

पर्जन्यछायेतल्या या शहरात पाऊस बेताचा, एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४२ अंशांपलीकडे. पिण्याचं पाणी मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभरएक किलोमीटरवरून जलवाहिनीने येतं. शहराजवळचा हिप्परग्याचा एकरुख तलाव एकोणिसाव्या शतकात बांधलेला; आजही त्याचा आधार आहे. पण नळाला रोज पाणी नाही. काही दिवसांआड ते सुटतं, आणि त्या पहाटे गल्ली जागी होते: आधी मोटारींची घरघर, मग पिंपं, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा. लग्नाची तारीख ठरवतानाही घरची बाई आधी पाण्याचा दिवस मोजते, आणि तिचं बरोबरच असतं.

थोड्या पाण्याचा ठसा ताटातही दिसतो. रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. जिल्ह्यातलंच मोहोळ हे मालदांडी वाणाचं गाव. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पातळ कडक भाकरी महिनाभर टिकते. हाताने चुरायची, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. मोडताना तिचा कटकन आवाज यायलाच हवा.