प्रकाशाची पाटी

दुकानात गेल्यावर आपण काचेची बांगडी कशी पारखतो? ती हातात घेतो, उजेडासमोर धरतो आणि हळूहळू फिरवतो. बांगडीला तडा असेल तर तो लगेच दिसतो. आज मात्र अनेक लहान विक्रेते मोबाइलवर फोटो पाठवून आपला माल विकतात. गिऱ्हाईक दूर असते. त्याला जे पाहायचे ते फोटोतच पाहावे लागते. म्हणून फोटो स्वच्छ हवा आणि खराही हवा. या कामी 'लाईट पॅड' नावाचे एक साधन उपयोगी पडते. आपण त्याला प्रकाशाची पाटी म्हणू.

ही पाटी साधारण वहीच्या मोठ्या कागदाएवढी, म्हणजे सुमारे 21 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब असते. जाडी एका सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. मोबाइलच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर ती चालते. खरे तर एका कागदावरची नक्षी दुसऱ्या कागदावर उतरवून घेण्यासाठी चित्रकार ही पाटी वापरतात.

तिच्या कडेला लहान लहान एलईडी दिव्यांची ओळ असते. मध्ये ॲक्रिलिकचा पारदर्शक तक्ता असतो. दिव्यांचा प्रकाश कडेने तक्त्यात शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. तक्त्याच्या मागे बारीक ठिपके असतात. ठिपक्यांवर पडलेला प्रकाश विखुरतो आणि वरून बाहेर येतो. दिव्यांजवळ ठिपके विरळ व दूर दाट असतात. त्यामुळे सगळीकडे सारखा उजेड पडतो. असा पांढरा उजेड देणारे दिवे निळ्या एलईडीमुळे शक्य झाले. त्याच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता फिरोजाबादच्या हिरव्या काचेच्या बांगडीचा फोटो काढू या. प्रथम पाटी व बांगडी मऊ कापडाने पुसा, कारण या उजेडात धुळीचा कणही दिसतो. खोलीतला दिवा बंद करा. दोन प्रकारचे उजेड मिसळले की रंग बिघडतात. बांगडी पाटीवर ठेवा आणि फोन बरोबर वर, स्थिर धरा. पाटीच्या उजेडामुळे फोनची फसगत होते. दृश्य फार उजळ आहे असे समजून तो फोटो काळपट करतो. म्हणून पडद्यावर बांगडीच्या जागी बोट टेकवा आणि फोटोचा उजळपणा थोडा वाढवा. फोटोत आडवे पट्टे दिसले तर पाटीचा उजेड पूर्ण वाढवा. उजेड कमी करण्यासाठी काही पाट्यांतील दिवे फार वेगाने चालू-बंद होत असतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते.

अत्तराच्या बाटलीचा फोटो काढताना पाटी बाटलीच्या मागे उभी करा. बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या ठेवा. काचेतून जाताना प्रकाशाचे अपवर्तन होते. त्यामुळे बाटलीच्या कडांमध्ये बाजूचा काळा रंग दिसतो आणि तिचा आकार रेखाटल्यासारखा उठून दिसतो.

भरतकामाची टोपी किंवा मातीचा पेला मात्र अपारदर्शक असतो. पाटीवर ठेवल्यास त्याची नुसती काळी आकृती दिसते. अशा वस्तूला समोरूनही उजेड हवा. त्यासाठी पांढरा पुठ्ठा तिरपा धरा. पाटीचा उजेड पुठ्ठ्यावरून परत येऊन वस्तूवर पडतो. पाटीमुळे वस्तूखालची सावलीही नाहीशी होते.

मित्रांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. ही पाटी काचेतला बुडबुडा आणि केसाएवढा तडाही दाखवते. पण तीच पाटी रंग खुलवूनही दाखवते. पाटीवर प्रकाश काचेतून आरपार येतो, म्हणून गडद हिरवी बांगडी पोपटी भासते. हातात घातल्यावर ती तशी दिसत नाही. केवळ पाटीवरचा फोटो पाहून एखाद्या बाईने डझनभर बांगड्या मागवल्या, तर घरी आल्यावर तिला फसवल्यासारखे वाटेल. विक्रेत्याने मुद्दाम फसवलेले नसले, तरी तिचा विश्वास उडेल. म्हणून दुसरा फोटो दिवसाच्या उजेडात, बांगडी हातात घालून काढावा आणि दोन्ही फोटो पाठवावेत. पहिल्या फोटोत काच कशी आहे ते कळेल, दुसऱ्यात रंग कळेल. आणि पहिल्या फोटोत तडा दिसलाच, तर तो पुसू नये. ती बांगडीच बाजूला काढून ठेवावी.

दुकानदाराचे माप जसे खरे असावे लागते, तसाच त्याचा फोटोही खरा असावा लागतो.