सहा गॅलनचा बंब

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, घ्यायला निघालेलं मराठी कुटुंब दुकानात काय काय बघतं, ते सांगायला ज्योतिषी नको. पलंग किती, सोफ्याचा पलंग होतो का, फ्रिज केवढा, भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते का. पाणी तापवायची सोय कुणी बघत नाही, कारण ती आतून दिसतच नाही. गाडीच्या बाहेरच्या अंगाला फूट-सव्वाफुटाचं पत्र्याचं जाळीदार झाकण असतं, त्याच्यामागे ती दडलेली असते. मग उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, यलोस्टोनचा बेत ठरतो. पहिल्याच मुक्कामी पहाटे साडेपाचला बाबा खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दारात उभे राहतात आणि आई बजावते, ‘पारोशानं मी चहासुद्धा घेणार नाही हं.’ त्या झाकणामागे नक्की काय आहे, याची चौकशी तेव्हा सुरू होते.

बहुतेक गाड्यांत तिथे ६ गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची टाकी असते. मोठ्या गाडीत १० गॅलनची, म्हणजे ३८ लिटरची. रचना आपल्या जुन्या बंबासारखीच आहे. बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी असतं. इथे टाकीच्या पोटातून यू आकाराची नळी जाते, तिच्या एका तोंडाशी प्रोपेनची ज्योत पेटते आणि धूर दुसऱ्या तोंडातून जाळीवाटे थेट गाडीबाहेर पडतो. जुन्या गाड्यांत ही ज्योत बाहेर जाऊन, झाकण उघडून, हातानं पेटवावी लागे. वाऱ्याच्या रात्री ते काम कुणाच्या गळ्यात घालायचं यावरून घराघरांत वाद होत असणार. आता आतलं बटण दाबलं की ठिणगी पडते. नव्या टाक्यांत बहुधा गॅसच्या जोडीला विजेची कॉइलही असते, १४४० वॉटची.

२३ लिटर ऐकून नाक मुरडू नये. टाकीतलं पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, अंगावर घ्यायला ४० अंश पुरतात. नळाचं पाणी १५ अंशांचं असेल, तर विसण घालून त्या २३ लिटरांचे ३५ ते ४० लिटर होतात. म्हणजे दोन बादल्या. बादली आणि तांब्यावर वाढलेल्या माणसाला एका अंघोळीला एक बादली भरपूर झाली. शॉवरखाली मात्र मिनिटाला ७ लिटरच्या आसपास पाणी वाहून जातं, आणि डोक्याला शाम्पू लावलेला असतानाच, पाच-सहा मिनिटांत, पाणी गार पडतं.

मग दुसऱ्यानं किती वेळ थांबायचं? टाकीभर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण १.२ युनिट इतकी ऊर्जा लागते. कॉइलला त्यासाठी ५० मिनिटं हवीत. गॅसचा बर्नर ताशी १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) असेल आणि त्यातली पाव उष्णता धुरावाटे गेली असं धरलं, तर २७ मिनिटं. गॅस आणि वीज दोन्ही एकदम चालवलं, तर १७-१८. थोडक्यात, चौघांच्या घरातल्या अंघोळी लहान टाकीवरही सव्वा तासात उरकतात. मुंबईच्या चाळीत नळ जाण्याआधी सगळं आटोपणाऱ्यांना हे काही कठीण वाटू नये.

वीज वापरताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. लहान आणि मध्यम गाड्यांना मुक्कामाच्या जागी ३० अँपिअरची जोडणी मिळते. १२० व्होल्टच्या हिशेबानं ती होते ३६०० वॉट. कॉइल त्यातले १२ अँपिअर खाते, छतावरचा एसी १३ च्या आसपास. उरलेल्या पाचांत मायक्रोवेव्ह बसत नाही. कुणी दूध गरम करायला ठेवलं की खट् आवाज होऊन एसी, कॉइल, मायक्रोवेव्ह सगळंच बंद. म्हणून मुक्कामाला वीज असली तरी सकाळच्या घाईत पाणी गॅसवर तापवावं आणि कॉइल रात्री सगळे झोपल्यावर लावावी, हे शहाणपणाचं.

बॅटरीवर पाणी तापवायचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची महागडी लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तर तिच्यात १.२८ युनिट वीज असते. एक टाकी पाणी तापलं की ती रिकामी. छतावर २०० वॉटचं सौर पॅनल असेल, तर ती पुन्हा भरायला चांगल्या उन्हाचा अख्खा दिवस जातो. उलट २० पौंडांच्या, म्हणजे ९ किलोच्या प्रोपेन सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू उष्णता असते. त्यावर अशा सत्तरेक टाक्या आरामात तापतात. रानात मुक्काम ठोकणाऱ्याला गॅसशिवाय पर्याय नाही, आणि पर्याय शोधायची गरजही नाही.

आता दुकानदाराच्या लाडक्या मालाकडे येऊ. बिनटाकीचा हीटर, ज्यात पाणी वाहता वाहताच तापतं. ‘अखंड गरम पाणी’ अशी त्याची जाहिरात असते आणि किंमत टाकीवाल्याच्या कितीतरी वर. पुण्याच्या घरात गॅस गीझर वापरलेल्या माणसाला तो चटकन पटतोही. पण इथे दोन ठिकाणी घोडं अडतं.

पहिली अडचण भौतिकशास्त्राची. वाहतं पाणी किती तापेल, ते ज्योत केवढी आणि धार केवढी यावरच ठरतं. ४२,००० बीटीयूचा हीटर घ्या. मिनिटाला दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरच्या धारेला तो साधारण २५ अंशांनी तापवतो. फ्लोरिडात नळाचंच पाणी २० अंशांच्या वर असतं, तिथे झकास काम होतं. वायोमिंगमध्ये मे महिन्यात जमिनीखालून ५ अंशांचं पाणी येतं, तेव्हा शॉवरमधून ३० अंशांचं कोमट पाणी पडतं आणि अंगावर काटा येतो. ६०,००० बीटीयूचा हीटर त्याच पाण्याला ४० पर्यंत नेतो. जर्मनीच्या ट्रुमा कंपनीचा ॲक्वागो या ताकदीचा आहे, शिवाय तो पोटात थोडं गरम पाणी राखून ठेवतो, त्यामुळे नळ बंद करून पुन्हा उघडला तरी मध्येच गार पाण्याचा झोत येत नाही. बिनटाकीचाच घ्यायचा असेल, तर वेष्टणावरचा बीटीयूचा आकडा आणि आपण कुठल्या महिन्यात कुठे जाणार, एवढ्या दोनच गोष्टी बघाव्यात. रिमोट आणि रंगीत पडदा ही शोभा.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. आरव्हीत गरम पाण्याला मर्यादा हीटरमुळे येत नाही. गाडीत चांगल्या पाण्याची टाकी समजा ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची आहे. अखंड गरम पाणी देणारा हीटर तिला जोडला, तर मिनिटाला ७ लिटरच्या शॉवरवर तो अखंड एकवीस मिनिटं चालेल. त्यानंतर प्यायलाही पाणी नाही. आणि हे दीडशे लिटर गेले कुठे? गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत, जी साधारण तेवढीच किंवा त्याहून लहान असते. ती भरली की पाणी शॉवरच्या जाळीतून वर, पायाशी येतं. राष्ट्रीय उद्यानात ते जमिनीवर सोडायला बंदी आहे. गाडी हलवून ठरलेल्या जागी नेऊन ओतावं लागतं.

म्हणून हीटर निवडण्याआधी नकाशा बघावा. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळणारा तळ एकच, फिशिंग ब्रिज. तिथली जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. योसेमिटीच्या उद्यानातल्या एकाही तळावर या जोडण्या नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेजमध्ये त्या आहेत, शेजारच्या मॅदर कॅम्पग्राउंडवर नाहीत. ज्यांना उद्यानांच्या आत, झाडांखाली राहायचं आहे, त्यांनी ६ गॅलनची गॅस आणि विजेची टाकी घ्यावी, शॉवरला पाणी थांबवायची कळ असलेला हँडल लावावा आणि साबण लावताना ती कळ दाबावी. बादलीची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. बिनटाकीचा हीटर शोभतो तो बारा महिने गाडीतच राहणाऱ्यांना, ज्यांचा मुक्काम तिन्ही जोडण्यांच्या खाजगी पार्कातच असतो. मधला मार्ग हवा असेल तर १० गॅलनची टाकी आहे, पण ६ च्या जागी १० ची बसवायची तर गाडीच्या भिंतीतलं भोकच मोठं करावं लागतं. ते काम स्वस्तात होत नाही.

टाकी कशाची आहे, हेही विचारून घ्यावं. अमेरिकेतल्या बाजारात दोन घराणी जुनी. ॲटवूडची टाकी ॲल्युमिनियमची. ही कंपनी २०१४ मध्ये डोमेटिकनं घेतली. सबअर्बनची टाकी पोलादाची, आतून चिनी मातीसारख्या मुलाम्याची. पोलादाला गंज धरू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक दांडी बसवलेली असते. पाण्यातल्या झिजेचा मार ती स्वतःवर घेते आणि टाकी वाचवते. वर्षातून एकदा ती काढून बघायची. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं, पाण्याचा पुरवठा बंद करायचा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवायचा आणि मगच झाकणामागचा खालचा मोठा नट एक पूर्णांक एक सोळांश इंचाच्या पान्यानं सोडवायचा. घाई केली तर उकळत्या पाण्याचा फवारा छातीवर. नट निघाला की पाण्याबरोबर पांढऱ्या चुन्याच्या खपल्या भळभळून बाहेर येतात आणि नटाला चिकटलेली दांडी हातात येते. नवी असताना अंगठ्याएवढी जाड आणि गुळगुळीत असते. वर्षभरानं ती खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते, आणि पाणी जड असेल तर मधली नुसती तार उरलेली असते. पाऊण भाग झिजला की बदलायची. ॲल्युमिनियमच्या टाकीला ही दांडी लागत नाही; कुणी हौसेनं बसवू नये.

गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास यायला लागला, तर तोही याच दांडीचा प्रताप असू शकतो. पाण्यातल्या काही जिवाणूंचं आणि मॅग्नेशियमचं जमलं की तसा वास येणारा वायू तयार होतो. टाकी रिकामी करून क्लोरिनच्या पाण्यानं धुतली की वास बहुधा जातो.

जुनी गाडी घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या देखत बाहेरचं झाकण उघडावं. जाळीवर काजळी दिसली तर ज्योत नीट जळत नाही. बर्नरच्या नळीत कोळ्यांनी जाळं केलेलं असणं तर नेहमीचंच. मग टाकीच्या मागच्या बाजूला, बहुधा पलंगाखालची फळी उचलून, बायपासचा नळ बघावा. हिवाळ्यात नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरताना टाकी वगळायला तो फिरवतात आणि वसंतात परत फिरवायला विसरतात. मग हीटर चालू असूनही गरम पाणी येत नाही आणि मिस्त्री येऊन एक नळ फिरवून शंभर-दीडशे डॉलर घेऊन जातो. टाकीत पाणी आहे याची खात्री झाल्याशिवाय विजेच्या बटणाला तर हातच लावू नये. कोरडी कॉइल बघता बघता जळते.

महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून आपल्याकडेही टेम्पो ट्रॅव्हलरची किंवा बसची घरं करून घेणारे हौशी वाढले आहेत. त्यांतले काहीजण घरातला ६ लिटरचा गॅस गीझरच गाडीच्या बाथरूममध्ये टांगायचा विचार करतात. तो मुळीच करू नये. तो गीझर ज्योतीला लागणारी हवा खोलीतूनच घेतो आणि धूर खोलीतच सोडतो. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साठून लोक दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. गाडीचं बाथरूम त्या न्हाणीघराच्या निम्मंही नसतं. आरव्हीचा हीटर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर टाकतो, त्याचा कप्पा आतल्या बाजूनं हवाबंद असतो. तसा मिळत नसेल, तर १५ लिटरचा साधा विजेचा गीझर बसवून जोडणी मिळेल तिथेच तो चालवावा. इंजिनाच्या गरम कूलंटवर पाणी तापवणारी टाकीही बसवता येते. महाबळेश्वरचा घाट चढून वर पोहोचेपर्यंत अंघोळीचं पाणी फुकटात तयार.

लडाख किंवा स्पितीला थंडीत जायचं असेल, तर आणखी एक अडचण येते. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूप होतं, ब्युटेन मात्र शून्याखाली जेमतेम अर्ध्या अंशावरच थबकतं. सिलिंडर अर्धं भरलेलं असूनही शेगडी मिणमिणते, ती त्यामुळे. युरोपातल्या गाड्यांत अशा हवेसाठी डिझेलवर चालणारे हीटर असतात. ट्रुमाच्या कॉम्बीसारखं एकच यंत्र १० लिटर पाणीही तापवतं आणि गाडीत ऊबही देतं. असं काही बसवणाऱ्यानं मिस्त्रीकडून सगळ्या नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायचा एक नळ आवर्जून लावून घ्यावा. स्पितीतल्या काझाला रात्री हीटर बंद पडला, तर टाकी फुटायच्या आत पाणी काढून टाकायला तोच हाताशी असतो.